परक्या मैदानावर रुळणे : मध्यरक्षकाविषयी एक खानदेशी वाद

परदेशातून आलेला तरुण मध्यरक्षक इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये रुळतो, तेव्हा नेमके कोण कोणाशी जुळवून घेते, या प्रश्नाची दोन उत्तरे सहसा दिली जातात आणि ती एकमेकांना छेद देतात. मध्यरक्षक म्हणजे बचावफळी आणि आघाडी यांच्या मधल्या पट्ट्यात खेळणारा खेळाडू. चेंडू त्याच्याकडे अनेकदा अशा वेळी येतो, की प्रतिस्पर्ध्याचा गोल त्याच्या पाठीशी असतो, दोन्ही बाजूंनी माणसे चालून येत असतात आणि पुढचा पास कोणाला द्यायचा हे त्याने चेंडू पायाशी येण्यापूर्वीच ठरवलेले असावे लागते. आघाडीपटूला क्षणभराच्या चमकीवर निभावून नेता येते, गोलरक्षकाचे काम बव्हंशी कुठेही सारखेच राहते. परंतु मध्यरक्षकाचा सगळा व्यवहार इतर दहा जणांच्या सवयींवर चालतो, आणि म्हणून परक्या देशाच्या खेळात रुळण्याची खरी परीक्षा त्याचीच होते.

हा वाद येथे दोन पक्षांच्या तोंडून मांडला आहे. पूर्वपक्ष धुळ्याच्या एका क्रीडाशिक्षकांचा. त्यांना गावातले लहानथोर आप्पा म्हणतात, आणि शाळेच्या संघाला पावसाळ्यातल्या सुब्रतो चषकाच्या जिल्हा फेरीसाठी तयार करणे हे त्यांचे दरवर्षीचे काम. उत्तरपक्ष जळगावच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्या प्राध्यापकांचा. त्यांना आप्पा नुसते सर म्हणतात. दोघेही कल्पित आहेत, पण त्यांच्या भूमिका कल्पित नाहीत. शनिवार-रविवारी रात्री टीव्हीवर इंग्लिश प्रीमियर लीग पाहणाऱ्या आणि सकाळी मुरमाच्या मैदानावर चेंडू लाथाडणाऱ्या पोरांच्या गावात त्या कमीअधिक फरकाने ऐकू येतातच.

वादाला आधार म्हणून सर्वांत जवळचे मराठी उदाहरण घ्यायचे तर ते खानदेशातले नाही, कोल्हापूरचे आहे. २००० साली जन्मलेला अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे राज्य शासनाच्या निवासी क्रीडा प्रशिक्षण व्यवस्थेत घडला, २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला, इंडियन ॲरोज या अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या तरुण संघातून जमशेदपूर एफसीकडे गेला आणि २०१९ मध्ये तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी इंग्लंडमधील ब्लॅकबर्न रोव्हर्स या क्लबात दाखल झाला. तो आघाडीला आणि कडेने खेळणारा, रूढ अर्थाने मध्यरक्षक नव्हे, आणि त्याचे ब्लॅकबर्नला जाणे हे करारबद्ध खेळाडूचे जाणे नव्हते, शिकाऊ पाहुण्याचे होते. तरीही कोल्हापूरच्या तालमींनी पोसलेल्या फुटबॉलमधून आलेला एक मराठी मुलगा इंग्लिश क्लबाच्या सरावात रोज सकाळी उभा राहतो, ही घटना प्रश्नाला हात घालण्यास पुरेशी आहे. योगायोग असा, की त्या क्लबाची मालकीही पुण्याची. कुक्कुटपालनाच्या व्यवसायातील वेंकीज समूहाने तो नोव्हेंबर २०१० मध्ये विकत घेतला होता.

आप्पांचा पक्ष सरळ आहे. त्यांच्या मते रुळणे ही खेळाडूच्या शरीराची आणि सवयीची गोष्ट असून तिची जबाबदारी संपूर्णपणे त्याचीच असते, कारण जो दुसऱ्याच्या घरी जातो त्याने त्या घरची रीत पाळायची असते. इंग्लंडच्या फुटबॉलची रीत वेगाची आहे. तेथील पंच स्पेन किंवा इटलीत फाउल ठरेल अशी धक्काबुक्की बऱ्याचदा खेळाचा भाग म्हणून सोडून देतात, आणि चेंडू एका पायाकडून दुसऱ्या पायाकडे इतक्या लवकर जातो-येतो, की मध्यरक्षकाला थांबून विचार करायला सवडच मिळत नाही. त्यात ‘दुसरा चेंडू’ हा तेथील मधल्या फळीचा रोजगार. दोन खेळाडूंनी हवेत उडी मारून डोक्याने झुंज दिल्यावर जो चेंडू कुठेतरी भरकटत खाली येतो त्याला हे नाव आहे. तो कोणाच्या पायाशी पडणार याचा अंदाज बांधून आधीच तिथे पोचणे हे कौशल्य शाळेतल्या फळ्यावर शिकवता येत नाही. प्रीमियर लीगमध्ये हंगामात ३८ सामने असतात, तिच्या खालच्या चॅम्पियनशिप या श्रेणीत २४ क्लब आणि प्रत्येकी ४६ सामने. इतर देश नाताळात सुट्टी घेतात तेव्हा इंग्लंडमध्ये सामन्यांची गर्दी होते, आणि ब्लॅकबर्नसारख्या गावी डिसेंबरात दुपारी चारच्या आधीच सूर्य मावळतो.

“जळगावचा पोरगा पंचेचाळीस अंशांत वाढलेला,” आप्पा म्हणतात, “उन्हाळ्यात सकाळी सहा ते आठ खेळायचे, नंतर सावली गाठायची, हे त्याच्या अंगात भिनलेले. त्याला तिथे उलटे शिकावे लागते, की थांबलात तर गारठलात. हे कोणी त्याच्यासाठी करून देणार आहे का, सर?”

प्राध्यापकांचा आक्षेप असा, की या चित्रात इंग्लंडचा फुटबॉल पहाडासारखा अचल धरलेला आहे, आणि इतिहासात तो तसा कधीच नव्हता. ब्लॅकबर्नचेच उदाहरण ते घेतात. तो क्लब १८७५ चा, १८८८ मध्ये सुरू झालेल्या फुटबॉल लीगच्या बारा संस्थापकांपैकी एक. त्या काळात इंग्लंडमध्ये ज्याच्या पायाशी चेंडू त्याने तो शक्य तितका एकट्याने पळवत न्यायचा, अशी धाटणी होती. एकमेकांना चेंडू देत, रिकाम्या जागा शोधत पुढे सरकण्याची पद्धत स्कॉटलंडमधून आली. फर्गस सूटर हा ग्लासगोकडचा पाथरवट १८७८ मध्ये ब्लॅकबर्नच्या शेजारच्या डार्वेन गावच्या संघात आला आणि १८८० मध्ये रोव्हर्सकडे गेला. पैसे घेऊन खेळणे तेव्हा नियमबाह्य होते, ते १८८५ मध्ये अधिकृत झाले. पण सूटर आणि त्याच्यासारखे स्कॉटिश कामगार खेळण्यासाठीच आणले गेले होते, हे सगळ्यांना ठाऊक होते. रोव्हर्सने १८८४ ते १८८६ अशी सलग तीन वर्षे एफए चषक जिंकला. प्राध्यापकांच्या हिशेबी इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये बाहेरून आलेला हा पहिल्या पिढीचा खेळाडू, आणि तो इंग्लंडच्या रीतीत रुळला नाही. त्याच्या रीतीत इंग्लंड रुळले.

येथे खानदेशचा एक धागा येतो आणि प्राध्यापक तो सोडत नाहीत. ब्लॅकबर्न, डार्वेन, बरी ही लँकेशायरची गावे सूतगिरण्यांची आणि मागांची. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे लिव्हरपूलला गेला. लँकेशायरमध्ये हिंदुस्थानी कापसाला सरसकट ‘सुरत’ म्हणत आणि विणकर त्याच्या नावाने बोटे मोडत, कारण त्याचा तंतू आखूड, मागावर धागा तटातट तुटे. मग यंत्रांत सुधारणा करून तो कापूस चालवून घेतला गेला. प्राध्यापकांचा मुद्दा असा, की बाहेरचा तंतू यंत्रावर चढत नाही असे दिसले, तर दोष तंतूचाच असतो असे नाही. यंत्र ज्या तंतूसाठी जुळवलेले आहे त्याचाही प्रश्न असतो.

“आणि युद्ध संपल्यावर?” आप्पा विचारतात. “युद्ध संपल्यावर त्यांनी पुन्हा अमेरिकेचाच कापूस घेतला ना, सर? भाव कोसळले ते आपल्या शेतकऱ्याच्या डोक्यावर. गरज असते तोवर यंत्र बदलतात. गरज सरली की आखूड धागा तो आखूड धागाच.”

हे उत्तर प्राध्यापकांना खोडता येत नाही, आणि खोडण्याजोगे ते नाहीही. विसाव्या शतकाचा इतिहास दोन्ही बाजूंना पुरावे देतो. १९३१ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ब्रिटिश प्रजाजन नसलेल्या व्यावसायिक खेळाडूवर दोन वर्षांच्या वास्तव्याची अट घातली, आणि ती १९७८ पर्यंत टिकली. म्हणजे जवळजवळ अर्धे शतक परदेशी मध्यरक्षक रुळेल की नाही हा प्रश्नच उद्भवू दिला गेला नाही. अट उठल्याबरोबर त्याच वर्षी टॉटनहॅमने अर्जेंटिनाच्या विश्वविजेत्या संघातील ओस्वाल्डो आर्डिलेस आणि रिकार्डो व्हिला हे दोन मध्यरक्षक आणले. तरीही १५ ऑगस्ट १९९२ रोजी प्रीमियर लीग सुरू झाली, तेव्हा पहिल्या फेरीतील सर्व संघांच्या आरंभीच्या अकरांत मिळून ब्रिटन आणि आयर्लंडबाहेरचे अवघे १३ खेळाडू होते. १९९५ च्या बॉसमन निकालाने युरोपीय संघातील खेळाडूंना करार संपताच मोकळेपणाने क्लब बदलण्याचा हक्क दिला, आणि २६ डिसेंबर १९९९ रोजी चेल्सीने साउदॅम्प्टनविरुद्ध एकही ब्रिटिश खेळाडू नसलेला संघ उतरवला. सात वर्षांत एवढी उलथापालथ झाली, ती खेळाडूंच्या जिद्दीमुळे झाली असे म्हणणे धाडसाचे ठरेल. कायदा बदलला, टीव्हीचा पैसा आला आणि मैदाने बदलली.

मैदानांचा मुद्दा मात्र आप्पांचाच, आणि या वादातला सर्वांत मोलाचा. सत्तरच्या दशकातील इंग्लंडच्या मैदानांची छायाचित्रे पाहिली तर जानेवारी-फेब्रुवारीत मधला पट्टा गवताचा नसून चिखलाचा दिसतो; डर्बी काउंटीचे जुने बेसबॉल ग्राउंड त्यासाठी कुप्रसिद्ध होते. अशा चिखलात जमिनीवरून दिलेला पास अर्ध्यात रुतून बसे, म्हणून चेंडू मधल्या फळीच्या डोक्यावरून उंच पुढे मारणे हा शहाणपणा ठरला, आणि त्या शहाणपणाला चार्ल्स रीप या हवाई दलातील हिशेबनीसाने १९५० पासून सामन्यांतील पास मोजून आकड्यांचा टेकू दिला. बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासनंतर होतात, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यातली गफलत पुढे अभ्यासकांनी दाखवली : मुळात बहुतेक चाली तीन पासांच्या आतच संपतात, तेव्हा बहुतेक गोलही तिथेच सापडणार. (प्राध्यापकांना हे उदाहरण इतके आवडते, की ते पदवीच्या वर्गात पुराव्याचा गैरवापर शिकवताना सांगतात.) नव्वदच्या दशकापासून गवतात कृत्रिम धागे विणून तयार केलेली संमिश्र मैदाने, जमिनीखालून उष्णता देण्याची व्यवस्था आणि उत्तम निचरा यांमुळे तेथील पृष्ठभाग बारमाही सपाट झाला, आणि त्यानंतरच लहान चणीच्या, पासवर जगणाऱ्या परदेशी मध्यरक्षकांना तेथे खरे घर मिळाले.

आप्पा हे सारे मान्य करतात आणि मग त्यातून उलटाच निष्कर्ष काढतात. खानदेशातील शाळकरी मुलांच्या मैदानांच्या दोन जाती : मुरमाची आणि काळ्या मातीची. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसून फाटते. पावसाळ्यात ती बुटांच्या तळव्याला थराथराने चिकटून पाय मणामणाचे करते, आणि उन्हाळ्यात तिच्या भेगांत घोटा मुरगळतो. मुरूम निचऱ्याला बरा, पण खड्यावर आपटून चेंडू कसा उसळेल याचा नेम नसतो. वरवर पाहता यावर खेळून मूल कणखर होते असे वाटते, आणि आप्पांनाही पूर्वी तसेच वाटे. नंतर त्यांच्या ध्यानात आले ते असे. सरावात ते एका मुलाला मधोमध उभे करतात, त्याच्या पाठीमागे दुसरा मुलगा हाताची बोटे वर धरतो, आणि समोरून पास निघाल्यावर तो पायाशी पोचण्याआधी मधल्या मुलाने खांद्यावरून मागे पाहून बोटे किती ते ओरडून सांगायचे असते. शाळेच्या बास्केटबॉलच्या सिमेंटच्या कोर्टवर हे करून घेतले, की आठ-दहा दिवसांत बहुतेक मुले बिनचूक आकडा सांगू लागतात. तीच मुले मुरमावर नेली की गप्प होतात, कारण चेंडू कसा उसळेल याची धास्ती असल्याने त्यांची नजर त्याच्यावरून हलतच नाही.

नॉर्वेचे संशोधक गेयर योर्डेट यांनी प्रीमियर लीगमधील खेळाडूंच्या चित्रफिती तपासून हेच दुसऱ्या टोकाने दाखवले आहे : चेंडू येण्याआधी मान वळवून आजूबाजूला अधिक वेळा पाहणाऱ्या मध्यरक्षकांचे पुढच्या दिशेने दिलेले पास अधिक वेळा यशस्वी होतात. या पाहण्याला प्रशिक्षणाच्या भाषेत स्कॅनिंग म्हणतात. सपाट गवतावर लहानपणापासून खेळलेल्या मुलाची नजर मोकळी असते. त्याला पायाखालच्या जमिनीवर विश्वास ठेवता येतो. आप्पांच्या मते आपल्याकडून बाहेर जाणाऱ्या मुलाची खरी अडचण थंडी, भाषा किंवा ताकद ही नसून ही जखडलेली नजर आहे. ती इंग्लंडला पोचल्यावर सुटत नाही, कारण मध्यरक्षकाची मान दहाव्या-बाराव्या वर्षी वळायला शिकते, एकोणिसाव्या वर्षी नाही.

“मग लुका मॉड्रिचचे काय, आप्पा?” प्राध्यापक अडवतात. क्रोएशियाचा हा मध्यरक्षक अठराव्या वर्षी बॉस्नियाच्या लीगमध्ये झ्रिन्स्की मोस्टार या क्लबाकडे हंगामी कराराने, म्हणजे मूळ क्लबाने उसना दिल्यासारखा, पाठवला गेला होता. तेथील खडबडीत मैदाने आणि आडदांड खेळ प्रसिद्ध आहे. २००८ मध्ये तो बावीस वर्षांचा असताना टॉटनहॅमला आला, तेव्हा हा किरकोळ अंगाचा मुलगा इंग्लंडमध्ये टिकणार नाही असे बोलले गेले, आणि पहिल्या आठ लीग सामन्यांत संघाला दोनच गुण मिळाल्यामुळे त्या बोलण्याला बळही आले. ऑक्टोबरात प्रशिक्षक बदलला, हॅरी रेडनॅप आले, आणि पुढे मॉड्रिच मैदानाच्या मधोमध स्थिरावला; २०१२ मध्ये तो रेआल माद्रिदला गेला आणि २०१८ मध्ये बॅलन डी’ऑर या पुरस्काराचा मानकरी ठरला. प्राध्यापकांच्या दृष्टीने हे उदाहरण त्यांच्याच पक्षाचे आहे : त्याच खेळाडूला तोच देश आधी नकोसा वाटला आणि मग हवासा, मध्ये बदलला तो प्रशिक्षक आणि संघातली जागा. आप्पा ते निराळे वाचतात. मोस्टारला जाण्यापूर्वी मॉड्रिचचे पाय आणि नजर तयार झालेली होती. खराब मैदान घडलेल्याला टणक करते, पण घडायच्या वयात तेच मैदान घडणे थांबवते.

भारतातून प्रत्यक्ष इंग्लंडला गेलेल्यांची कहाणी मात्र दोघांच्याही युक्तिवादांच्या बाहेर पसरते. सिक्कीमचा बायचुंग भुतिया ३० सप्टेंबर १९९९ रोजी तीन वर्षांच्या करारावर बरी या क्लबाकडे गेला. तो आघाडीपटू, आणि क्लब तेव्हा तिसऱ्या दर्जाच्या श्रेणीत. लीगचे ३७ सामने आणि ३ गोल, एवढीच त्याची तेथील नोंद आहे, आणि २००२ मध्ये क्लब आर्थिक संकटात असताना तो परतला. (तोच क्लब २०१९ मध्ये लीगमधून बाहेर काढला गेला, पाहुणा परतला, यजमानाचेच घर मोडले.) सुनील छेत्रीला तर दारातूनच परतावे लागले : २००९ मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सने त्याच्याशी करार केला, परंतु खेळाडूचा देश जागतिक क्रमवारीत पहिल्या सत्तरांत हवा, या अटीवर वर्क परमिट नाकारले गेले. भारताचा आजवरचा सर्वोत्तम क्रमांक ९४, आणि तोही १९९६ मधला.

ब्रेक्झिटनंतर, म्हणजे जानेवारी २०२१ पासून, ही अट गुणांच्या पद्धतीत गेली आहे. परदेशी खेळाडूला राष्ट्रीय संघाकडून खेळलेल्या सामन्यांचे प्रमाण, क्लबाचा आणि लीगचा दर्जा, मैदानावर घालवलेली मिनिटे यांचे गुण मिळतात. १५ गुण झाले की परवाना मिळतो, आणि पहिल्या पन्नासांतील देशाच्या नियमित खेळाडूला राष्ट्रीय सामन्यांच्या बळावर तो आपोआपही मिळू शकतो. याखेरीज जागतिक संघटनेच्या नियमानुसार अठरा वर्षांखालील खेळाडूला देश ओलांडून क्लब बदलता येत नाही. युरोपीय संघातल्या देशांत सोळा वर्षांवरील मुलांना त्यातून सूट आहे, पण ब्रिटन बाहेर पडल्याने ती सूट इंग्लिश क्लबांना राहिली नाही.

या शेवटच्या तपशिलाचे महत्त्व सेस्क फाब्रेगासच्या उदाहरणाने कळते, आणि परदेशी मध्यरक्षकाच्या रुळण्याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. बार्सिलोनाच्या अकादमीतून तो २००३ मध्ये सोळाव्या वर्षी आर्सेनलला आला आणि त्याच ऑक्टोबरात लीग चषकात रॉदरहॅमविरुद्ध उतरला. क्लबाच्या पहिल्या संघातून खेळणारा तोवरचा तो सर्वांत लहान खेळाडू होता. क्लबाने त्याला हॉटेलात किंवा एकट्याच्या फ्लॅटमध्ये न ठेवता उत्तर लंडनमधील एका घरमालकिणीकडे ठेवले, जिथे त्याच्याबरोबर स्वित्झर्लंडचा फिलिप सेंडेरॉस हा दुसरा तरुण खेळाडूही होता. जेवण वेळेवर, इंग्रजी रोज कानावर, आणि सामना वाईट गेला तरी घरात कोणीतरी माणूस. प्राध्यापक या व्यवस्थेला खेळाडूच्या गुणवत्तेइतकेच श्रेय देतात, आणि आप्पाही येथे फारसा वाद घालत नाहीत, कारण तालुक्याहून धुळ्याला शिकायला आलेला मुलगा कोणाच्या तरी मावशीकडे राहिला तर टिकतो आणि खोली करून राहिला तर दिवाळीपर्यंत परत जातो, हे त्यांनी पाहिलेले आहे. आजच्या नियमांखाली सोळा वर्षांचा फाब्रेगास आर्सेनलला येऊच शकला नसता.

भाषेचा प्रश्न खानदेशी मुलापुढे इंग्लंडच्या कितीतरी आधी उभा राहतो. घरी अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी, पुण्याच्या प्रबोधिनीत पुणेरी आणि कोल्हापुरी मराठी, राष्ट्रीय शिबिरात हिंदी, तेथल्या परदेशी प्रशिक्षकाचे इंग्रजी. इतके उंबरे ओलांडल्यावर लँकेशायरचा उच्चार हा आणखी एक उंबरा. प्राध्यापक याला ताकद मानतात, कारण ज्याने पाच वेळा परके होणे पचवले त्याला सहावे जड जात नाही. ब्लॅकबर्नमध्ये तर भरूच-सुरतकडून स्थायिक झालेली गुजराती मुस्लिम कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. भुसावळवरून वाहणारी तापी जिथे समुद्राला मिळते, तिथली माणसे आधीच त्या गावात वस्ती करून आहेत. कळण्याची भाकरी मिळाली नाही तरी डाळ-भात मिळेल. आप्पांचे म्हणणे, की मैदानावर याचा उपयोग शून्य : मागून कोणी येत असल्याची हाक मध्यरक्षकाला ज्या निमिषात कळायला हवी, त्या निमिषात सहावी भाषा मेंदूत उलगडत बसायला वेळ नसतो.

सचिन तेंडुलकरचे नाव येथे प्राध्यापक काढतात, आणि ते यायलाच हवे होते. १९९२ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, तो यॉर्कशायरचा पहिला परदेशी खेळाडू झाला. बाहेरच्यांना संघात न घेण्याचा त्या काउंटीचा हट्ट दीर्घकाळ प्रसिद्ध होता, आणि ठरलेला ऑस्ट्रेलियन गोलंदाज क्रेग मॅकडरमॉट जायबंदी झाल्यामुळे ती जागा सचिनला मिळाली. १६ प्रथम श्रेणी सामन्यांत त्याने ४६.५२ च्या सरासरीने १०७० धावा केल्या, शतक एकच. प्राध्यापकांना यातून मराठी मुलगा इंग्लंडमध्ये रुळू शकतो हे दाखवायचे असते. परंतु ही तुलना तोकडी पडते, आणि ती का पडते हे सांगणे आवश्यक आहे. फलंदाजाला दोन चेंडूंच्या मध्ये वेळ असतो. खेळपट्टीकडे पाहता येते, पवित्रा बदलता येतो, आणि बहुतांश निर्णय त्याचा एकट्याचा असतो. मध्यरक्षकाची एकही कृती त्याच्या एकट्याची नसते. त्याने दिलेला पास बरोबर होता की चूक हे, तो ज्याच्यासाठी दिला तो सहकारी त्या जागी धावला की नाही यावर ठरते, आणि तो सहकारी लहानपणापासून कुठे धावायला शिकला यावर ते ठरते. एवढ्यापुरता प्राध्यापकांचा मूळ पक्ष त्यांच्या उदाहरणापेक्षा बळकट आहे.

अनिकेत जाधवच्या तीन महिन्यांनी यातले काय सिद्ध होते? फार थोडे. तो परतला आणि इंडियन सुपर लीगमध्ये वेगवेगळ्या क्लबांकडून खेळत राहिला. तीन महिन्यांच्या सरावाने कोणाची मान वळायला शिकत नाही आणि कोणाचे यंत्रही बदलत नाही. प्राध्यापक मात्र मिस्कीलपणे सुचवतात, की त्या गावात न रुळल्याचे मराठी मुलुखातले ठळक उदाहरण खेळाडूचे नसून मालकांचे आहे : वेंकीजने क्लब घेतल्यावर महिनाभरातच अनुभवी व्यवस्थापक सॅम ॲलर्डाइस यांना काढले, २०१२ मध्ये १९९५ चा हा विजेता क्लब प्रीमियर लीगमधून घसरला, आणि त्या मे महिन्यात विगनविरुद्धच्या सामन्यात प्रेक्षकांनी निषेध म्हणून क्लबाच्या झेंड्यात गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली. २०१७ मध्ये क्लब आणखी एक पायरी खाली गेला, पुढच्याच वर्षी वर आला. पैसा मालकांनी ओतत ठेवला हे खरे. पण पैशाने रुळता येते हा समज तेथे टिकला नाही.

शेवटी वाद येऊन थांबतो तो वयाच्या हिशेबावर. अठरा वर्षांपर्यंत कोणत्याही भारतीय मुलाला इंग्लिश क्लबात करारबद्ध होता येणार नसेल, तर प्राध्यापकांच्या मते यात खानदेशाचे भलेच आहे. बारा ते अठरा ही घडण्याची सहा वर्षे इथेच जायची, मग ती धुळ्यात गेली काय आणि मुंबईत गेली काय. दहावीपर्यंत मुलाला घरीच राहू द्यावे, असे ते सुचवतात. आप्पा यावर सामन्यांचा हिशेब मांडतात. शालेय स्पर्धा बाद पद्धतीने होतात, म्हणजे जो संघ हरला तो त्या वर्षापुरता संपला. इंग्लंडच्या अकादमीतला मुलगा ऑगस्टपासून मेपर्यंत लीग खेळतो, हरला तरी पुढच्या शनिवारी पुन्हा उतरतो. “आपला संघ पहिल्याच फेरीत हरला तर त्या पोराचा हंगाम एका सकाळचा, सर. जिंकत गेला तर चार-पाच सामने, मग नाशिक विभागाची फेरी. सहा वर्षे झाली म्हणता. सामने किती झाले ते मोजा.” प्राध्यापक विचारतात, की जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या शाळांची पावसाळ्यानंतर आपापसात साखळी का लावता येत नाही, सिमेंटच्या कोर्टावर पाच-पाच जणांची का होईना. आप्पांचे उत्तर तयार असते : कोर्ट आहेत, मुले आहेत, एसटीचे भाडे कोण देणार ते आधी ठरवा, आणि ऑक्टोबरात सहामाही परीक्षा असते तेही धरा.